त्या तबकडीवरचा हुंकार

३ नोव्हेंबर, शिळफाटा
रविवारी कर्जतला माझा सत्कार. स्मरणिकेचे मुद्रित तपासायला आले. माझे जन्मगाव कळंब नव्हे, खालापूर. डबल बास मी ‘सहज’ शिकलो नाही. चार वर्षे लागली. व्हायोलिन कधीही वाजवलेले नाही. पहिल्या दहा ओळींत तीन चुका!
तिसऱ्या परिच्छेदाला मात्र हात लावला नाही. ‘९ मार्च १९७६ रोजी कन्या जन्मली. त्याच दिवशी, त्या आनंदात, त्यांनी ते अजरामर वादन ध्वनिमुद्रित केले. अखेरीस त्यांचा हुंकारही ऐकू येतो.’
चहा दोनदा गार झाला.

४ नोव्हें.
मी मुंबईच्या ज्या हॉटेलात वाजवी, तिथल्या जाझच्या वाद्यवृंदाची ती तबकडी वर्षानुवर्षे कोणी विचारली नाही. आता कॉलेजातील मुले तेवढाच बासचा तुकडा मोबाइलवर फिरवतात. घर शोधत येतात, पाया पडतात. मी पडू देतो.
ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मी कर्जतच्या इस्पितळात होतो, बाळ-बाळंतिणीपाशी. आपली जागा जाऊ नये म्हणून बदली वादक पाठवण्याची तेव्हा रीत होती. तो मूळ वादकाच्या नावाने सही करी. मी कडावच्या गौतमला पाठवले. बास माझा, नाव माझे, बोटे त्याची.

५ नोव्हें.
नसीमचा पनवेलहून फोन. सत्कारात बोलणार आहे.
“अब्बा, सुरुवातच तिथून करते. मी जन्मले आणि तुम्ही वाजवलंत.”
“भाषण आटोपशीर असावे,” इतकेच म्हणालो.
“आधी ऐका तरी! लगेच लाल शाई!”

६ नोव्हें.
निमंत्रण द्यायला कडावला. गौतमला जाऊन अकरा वर्षे झाली. त्याची पत्नी विमल म्हशीची धार काढत होती. शेजारी नातीच्या फोनवर तेच वादन.
“हे लावलं की पान्हा लवकर सोडते, भावजी.”
मला हसू आले नाही.
“हा हुंकार आमच्या ह्यांचा हाय. भर बाजारात वळखीन मी. तुमी तर वाजवताना तोंड शिवल्यावानी बसायचा!”
“वहिनी, मी –”
“बसा ओ. च्या घ्या. रविवारी येते मी. पुढल्या खुर्चीत बसवा, मला आता कमी ऐकू येतं.”
मागितले ते एवढेच.

७ नोव्हें.
सकाळपासून खोलीत येरझाऱ्या. नसीमला दोनदा फोन केला, उचलत नाही. तिला आधी सांगायला हवे. छापून आलेल्या स्मरणिकेत वर्षेही चुकलेली; छापखान्याचा माणूस दुरुस्त्या न्यायला फाटकाशी उभा आहे. शुद्धिपत्र :

जन्म : १९३९ नव्हे, १९४१.
हॉटेलातील पहिली नोकरी : १९६५ नव्हे, १९६३.
वादन थांबवले : १९९८ नव्हे, १९९६.
९ मार्च १९७६ : तारीख बरोबर. नसीमचा जन्म सकाळी, कर्जत. पिता दिवसभर तिच्यापाशी. ध्वनिमुद्रण त्याच दुपारी, मुंबई. वादक –