सफरचंदाचा रस आणि मोठ्या सिस्टर

रविवार, नऊ मार्च, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटं. ही वेळ मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद (तूर्त निम्मेच, उरलेले वागणूक बघून). पायांची सूज उतरली का? जिना चढताना धाप लागते का? मी बरी आहे. रक्तदाब मोजायचं यंत्र मात्र त्या दिवसापासून माझ्या दंडाला घाबरतं.

उपचारांसाठी तू माझ्याकडे राहायला आलास, तेव्हा निदान माझ्या घरात तरी बाटली येणार नाही अशी माझी भाबडी समजूत होती. त्या रविवारी आमच्या शाळेच्या मोठ्या सिस्टर आल्या. वय एक्क्याण्णव. त्यांच्यासमोर मी अजूनही गुडघे जुळवून बसते. त्यांना चहा चालत नाही, दूध पचत नाही, म्हणून फ्रिज उघडला. आत तुझी बाटली. वर तुझ्याच अक्षरात चिठ्ठी : सफरचंदाचा रस, किडनीचा पेशंट, हात लावू नये. मला भरून आलं. दोन्ही मूत्रपिंडं संपावर गेल्यावर का होईना, माझ्या भावाला अक्कल आली! (संत्र्याचा बंद, सफरचंदाचा थोडा चालेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी शेजारीच होते.) उंच पेला काढला आणि सिस्टरांना काठोकाठ भरून दिला.

पहिल्या घोटाला सिस्टरांनी डोळे मिटले. मला वाटलं, प्रार्थना. मग त्यांनी विचारलं, हे सफरचंद कुठल्या बागेतलं गं? अर्धा पेला झाल्यावर त्यांनी मला सांगून टाकलं की, नववीत मला नाटकातून काढलं ते आवाज लहान म्हणून नव्हे, जीभ लांब म्हणून. पेला संपला तेव्हा त्या माझ्या सोफ्यावर आडव्या होऊन शाळेचं गाणं म्हणत होत्या, सगळ्या कडव्यांसकट. मी पेल्याचा वास घेते तोच तू टॉवेल खांद्यावर टाकून आलास आणि विचारलंस, "ताई, माझ्या बाटलीला कुणी हात लावला?" चोर तो चोर, वर शिरजोर!

आणि खुलासा तरी काय! डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर सांगितलंय, त्यात पाणी किती नि व्हिस्की किती हे कुठे सांगितलंय? म्हणून तू गोळ्या कोरड्या गिळायच्या, दिवसभर जीभ टाळूला चिकटवून बसायचं आणि वाचवलेलं पाणी संध्याकाळी व्हिस्कीत वळतं करायचं. एवढा संयम साधूला जमणार नाही, गाढवा! डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते : वर्षाच्या आत डायलिसिस, नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी मूत्रपिंड, आणि पिणाऱ्याला ते बसवणार नाहीत. तेव्हा तू मान डोलावत होतास. मला वाटलं, पटतंय.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना पोहोचवायला गेले आणि तू बॅग उचलून पसार. तुझ्या बायकोला फोन केला, तर ती म्हणते, "ताई, आता अगदी सुधारलेत हो, फक्त सरबत पितात." मी विचारलं, रंग कोणता?

तुझी,
ताई

ता. क. सिस्टरांचा निरोप आला. वर्षानुवर्षांत अशी झोप लागली नव्हती म्हणे, आणि तो रस कुठे मिळतो? मी उत्तर दिलेलं नाही.

आणखी ता. क. तुला न सांगता मी माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त जुळतं, बाकीचंही जुळतं. चौसष्टाव्या वर्षी इतकं ठणठणीत मूत्रपिंड क्वचित दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. दिसणारच! वेळेवर जेवण, वेळेवर झोप, संगत चांगली; पोटच्या लेकीसारखं वाढवलंय मी त्याला. आणि दारुड्याच्या घरी आपण लेक देत नाही. सोमवारी मला संमतीवर सही करायची आहे. तेव्हा कायमची सोडलीस की नाही, ते स्वतःच्या हाताने लिहून, खाली बायकोची सही घेऊन, शुक्रवार, एकवीस मार्च, दुपारी बाराच्या आत पाठव. उत्तर लेखीच हवं. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि मी अट विसरून हो म्हणून बसेन.