हिरवं बटण

माय, तू मला मारलंस त्या दिवसापासून सुरुवात करते. मी नऊ वर्षांची होते. शाळा बुडवून कचरा डेपोवर आले होते, कारण मोठ्या मुली सांगायच्या की वायर जाळली की आतून तांबं निघतं आणि ते उन्हात धरलं की सोन्यासारखं दिसतं. ढिगाच्या मागच्या अंगाला मी वायरचं वेटोळं पेटवलं. काळा धूर घशात गेला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी मी काडीने ते हलवत बसले होते. तू कुठून आलीस ते मला दिसलंच नाही. पाठीत पहिला फटका बसला तेव्हा वाटलं, ढीगच अंगावर आला. तुझ्या हातात कचरा वेचायचा लोखंडी आकडा होता आणि तू तो उलटा धरून मुठीच्या बाजूने मारत होतीस. पाठीवर, दंडांवर, पायांवर. तू फक्त दात खात होतीस. मध्येच तुझी पकड सुटली, आकडा फिरला आणि त्याचं टोक माझ्या पोटरीत घुसलं. तू ते ओढून काढलंस आणि पुन्हा हात उचललास. तेवढ्यात मावशी धावत आली आणि तिने मागून तुझ्या कमरेला मिठी घातली. "मारी टाकशी का पोरले?" ती ओरडली. तू म्हणालीस, "मरू दे. आठे, ह्या ढिगवर मोठी व्हवापेक्षा मरेल बरी."

मावशी काही तुझी सख्खी बहीण नव्हती. ती खापर गावाकडची, तिच्या घरची बोलीसुद्धा वेगळी. आपली बोली ती डेपोवर तुझ्याकडून शिकली. तू कळसाडीच्या शिवारात कापूस वेचायचीस, तिथून नवऱ्यामागे या तालुक्याच्या गावी आलीस, नवरा गेला आणि तू कचरा वेचायला लागलीस. ढिगावर तुम्ही दोघी जोडीने चढायचात. तिने गोणी धरायची, तू आकडा चालवायचा. त्या दिवशी तिनेच आपला पदर फाडून माझी पोटरी बांधली. तू चार हात लांब जाऊन उलटी केलीस. तेव्हा मला वाटलं, धुरामुळे असेल.

तुझा राग गावाला माहीत होता. एकदा एक ट्रॅक्टरवाला कुठल्यातरी दवाखान्यातल्या सुया, रक्ताच्या पट्ट्या, बाटल्या भरून ट्रॉली घेऊन आला. खाली बायका वेचत होत्या तरी त्याने ट्रॉली तशीच उलटी केली. एक सुई मावशीच्या तळव्यात शिरली. "आठे माणसं शेतस, दिखस नही का तुले?" तू विचारलंस, आणि तो हसला. तू त्याला शर्टाला धरून सीटवरून खाली ओढलंस. त्याचं डोकं ट्रॅक्टरच्या चाकावर आपटलं. तो उठायला गेला तर तू त्याच्या छातीवर बसलीस आणि आकड्याचं टोक त्याच्या गालाला लावलंस. बायकांनी तुला उचललं तोवर त्याच्या गालातून रक्त येत होतं. तुला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. परत आलीस तेव्हा तुझा एक डोळा सुजून बंद झालेला होता. पण पुन्हा कोणी तसली ट्रॉली घेऊन आला नाही. मी शाळेत ही गोष्ट सांगितली होती, माय. अभिमानाने सांगितली होती.

मग तो उन्हाळा. ढीग आतून पेटलेला होता. वरून नुसता कोरडा, राखाडी दिसायचा, कुठे कुठे धुराची बारीक रेघ निघायची. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे तरीही चढत होते. मी तेव्हा दहावीत होते, सुट्टी होती म्हणून तुझी भाकर घेऊन आले होते. तू वर उभी आहेस, एका हातात गोणी, दुसऱ्या हाताने मला लांबूनच खुणावते आहेस की इकडे येऊ नकोस. तू एक पाऊल मागे टाकतेस आणि वरचा पापुद्रा फुटतो. तुझा उजवा पाय मांडीपर्यंत आत जातो. आत निखारे आहेत. तू ज्या आवाजात ओरडलीस तो माणसाचा आवाज नव्हता. मी जागची हलले नाही. मावशी पोटावर सरपटत गेली, तुझ्या काखेत हात घालून तिने तुला ओढलं. ओढताना तुझी कातडी साडीसकट मागे राहिली. तिचे दोन्ही कोपर भाजले. दवाखान्यात तू पाच दिवस होतीस. शुद्ध असायची तेव्हा तू माझ्याशी नाही, मावशीशी बोलायचीस. "पोरले शाळामाच धाडजो. आठे आणू नको."

तिने तुझं ऐकलं. मी तिच्या घरी राहिले, दहावी झाले, आयटीआयला गेले. पहिल्यांदा मोटर उघडून दुरुस्त केली त्या दिवशी माझे काळे हात बघून ती इतकी हसली की शेजारची बाई बघायला आली.

आता पुढचं तुला माहीत नाही, म्हणून नीट सांगते. काही वर्षांनी डेपोवर यंत्रं आली. जुना ढीग खणून तो एका मोठ्या फिरत्या चाळणीत टाकायचा. माती खाली पडते, उरलेलं रबरी पट्ट्यावरून पुढे जातं, पट्ट्यावर प्लास्टिक वेगळं, कापड वेगळं, काच वेगळी, आणि शेवटी एक यंत्र त्याचे चौकोनी गठ्ठे दाबतं. गावात प्रत्येक दारावर एक चौकोनी खुणेचा कागद चिकटवला. घंटागाडीवाला तो मोबाइलने टिपतो आणि कोणी ओला-सुका वेगळा दिला, कोणी नाही, ते कार्यालयात दिसतं. हे सगळं ज्या ठेकेदाराने घेतलं त्याने मला यंत्र चालवायला ठेवलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात बूट, हाताखाली पॅनल. हिरवं बटण दाबलं की पट्टा चालू, लाल दाबलं की बंद. पहिल्या दिवशी पोकलेनने ढिगात दात घातले तेव्हा मी बघत उभी राहिले. तू जिथे आत गेलीस तो भाग बरोबर मला माहीत होता. मला तो ढीग जमिनीपर्यंत खणून काढायचा होता, माय. त्याची माती करायची होती, त्याचा भुगा करायचा होता. त्या यंत्राचा आवाज मला तुझ्या आकड्यासारखा वाटायचा.

पण डेपोला जाळीचं कुंपण घातलं आणि बायका बाहेर राहिल्या. ठेकेदाराचा मॅनेजर म्हणाला, यंत्र सगळं निवडतं, बायका लागत नाहीत. तीस-पस्तीस बायका रोज सकाळी जाळीला तोंड लावून उभ्या राहायच्या. मावशी सगळ्यांत पुढे. एक दिवस तिने जाळीतून माझा हात धरला. "आम्हले आत येऊ दे. तुन्ही माय आठेच मरी गयी, आनि तू आम्हले भायेर काढी ऱ्हायनी?" मी म्हणाले, "मावशी, माझ्या हातात काही नाही." मी तिच्याशी शुद्ध मराठीत बोलले. कार्यालयात बोलतात तशी. तिने माझा हात सोडला आणि जाळीवर थुंकली.

त्यानंतरच्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, त्यांनी फाटक पाडलं. जाळी चुरगळून आत पडली आणि तिच्यावरून बायका धावत आल्या, सगळ्यांच्या हातात आकडे. रखवालदाराने पहिल्या बाईच्या डोक्यात काठी घातली. टाळू फुटली आणि ती गुडघ्यांवर बसली. बाकीच्यांनी त्याला खाली पाडलं. त्याच्या तोंडावर पाय पडत होते, त्याचे दात मातीत सांडलेले मी नंतर पाहिले. मॅनेजर पळाला. एक दगड माझ्या कपाळाला लागला, हेल्मेट मी बाजूला काढून ठेवलेलं होतं. रक्त डोळ्यात उतरलं. मी पट्टा बंद केला होता आणि पॅनलपाशी उभी होते. बायका पट्ट्यावर तुटून पडल्या, आकडे रुतवून रबर फाडत होत्या, जनावर सोलतात तसं. मी ओरडत होते, "फाडू नका, हा ढीग जाऊ द्या, माणसं मरतात त्याच्यात!" कोणाला काही ऐकू येत नव्हतं. मावशी शेवटच्या टोकाला होती, पट्टा लोखंडी रोलरवर वळतो तिथे. तिने आकडा आत अडकवला होता आणि पाय रोवून ओढत होती.

मी हिरवं बटण दाबलं.

पट्टा हलला की बायका घाबरून बाजूला होतील, असं मला वाटलं. नंतर मी सगळ्यांना हेच सांगितलं. पट्ट्याने आकडा गिळला आणि त्याच्यामागून तिचा उजवा हात ओढला. हाडांचा आवाज मोटरच्या आवाजातूनही कळतो. ती ओरडली नाही, इतर बायका ओरडल्या. मी लाल बटण दाबलं, धावले, रोलरचे बोल्ट उलटे फिरवायला घेतले आणि माझा पाना सारखा निसटत होता, कारण सगळं रक्ताने बुळबुळीत झालेलं. हात बाहेर आला तेव्हा तीन बोटं आतच होती. भांडण तिथेच थांबलं. ज्या बायका मला मारायला आल्या होत्या त्यांनीच तिला माझ्या मांडीवरून उचलून घंटागाडीत घातलं. गाडीचा भोंगा बंद करायचं कोणाला सुचलं नाही. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा असं गाणं वाजवत ती गाडी दवाखान्यापर्यंत गेली.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी तिच्या खाटेशी उभी होते. साहेबांनी विचारलं, पट्टा कोणी चालू केला? ती छताकडे बघत म्हणाली, "मन्हा हात घसरना, साहेब. पोरनी काय चूक नही." त्यांनी लिहून घेतलं, अपघात.

पुढचं चांगलंही आहे, ते तुला सांगायला हवं. पट्टा जोडून यंत्र पुन्हा सुरू झालं तर ते तासभरही धड चालेना. जुन्या ढिगातून साड्यांच्या चिंध्या, काथ्या, बाजारातले केळीचे दांडे यायचे आणि रोलरभोवती गुंडाळून सगळं बंद पाडायचे. मी मॅनेजरला सांगितलं, हे आधी काढून टाकायला डोळे लागतात आणि ते डोळे कुंपणाबाहेर उभे आहेत. त्या आत येणार नसतील तर मीही येणार नाही. तो शिव्या देत गेला, चौथ्या दिवशी परत आला. आता बावीस बायका पट्ट्यावर आहेत, ओळखपत्रं गळ्यात, हातमोजे, बूट. पट्ट्याचा वेग मी कमी केला, उंची खाली आणली, बसायला पाट केले. दोन्ही बाजूंनी दोरी लावली आहे. कोणीही कुठूनही ओढली की यंत्र जागच्या जागी थांबतं. दोरी कुठे लावायची, ते मावशीने डाव्या हाताने दाखवलं. ती डोळे मिटून प्लास्टिक ओळखते. नव्या बाईच्या कानाशी पिशवी चुरगाळते, म्हणते, "आवाज ऐक. हाई कडक शे, हाई नरम." एक इंजिनियर शहरातून बघायला आले होते, त्यांच्या प्लास्टिक ओळखायच्या यंत्राने आणि तिने एकच उत्तर दिलं. त्यांनी तिचा फोटो काढला. तिने हात पदराखाली घेतला.

ढीग निम्म्याहून जास्त उतरला आहे. तू जिथे गेलीस ती जागा आम्ही मागच्या हिवाळ्यात खणली. मी सुट्टी घेतली नाही, पॅनलवरच उभी राहिले. चाळणीतून राख, काचा आणि वितळून दगड झालेलं प्लास्टिक निघालं. दुसरं काही नाही. मला काय निघायला हवं होतं कोण जाणे. त्या दिवशी मी यंत्रावर पाना आपटला, एकदा, दोनदा, मग मोजलं नाही. बायका काम थांबवून बघत राहिल्या. शेवटी मावशी उठून आली आणि तिने मागून माझ्या कमरेला मिठी घातली. मी थांबले.

आम्ही अजून एकाच घरात राहतो. भाकरी मी थापते, कारण तिला आता थापता येत नाही. मी उशिरा आले तर ती जागेवरूनच विचारते, "जेवनी का?" त्या सोमवाराबद्दल ती कधी बोलत नाही. मी दोनदा बोलायला गेले. एकदा ती उठून पाणी भरायला गेली, एकदा मीच विषय बदलला.

हे तुला लिहिता येतं, कारण तू वाचणार नाहीस. ती आत भांडी लावते आहे आणि तिला मी हे अजून सांगू शकलेले नाही. रक्त एकाच डोळ्यात उतरलं होतं, माय. दुसऱ्या डोळ्याने मला सगळं स्वच्छ दिसत होतं. बटण दाबायच्या आधी तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं, आणि तिचा हात रोलरवर आहे हे मला दिसलं होतं.