ज्येष्ठा दिसत नाही तेव्हा

तोंडवली,
१० ऑक्टोबर १९५६

ती. दादास,
लीलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळी बरी आहेत. बाबांचा खोकला थांबला, बोलणं थांबलं नाही. मालवणातून मला स्थळ आलंय. विश्राम, शाळेत मास्तर. पोहे तिखट झालेत असं तोंडावर म्हणाला आणि दोनदा घेतले. मला पसंत आहे, हे फक्त तुला लिहिते.

अडचण माझ्या नक्षत्राची. ज्येष्ठेवरची मुलगी थोरल्या दिराच्या जिवावर येते म्हणतात, आणि विश्रामला थोरला भाऊ आहे, लवू, तांडेल, कौलांचं गलबत हाकतो. भटजींनी तोड काढली की जन्मवेळ थोडी मागे घ्यायची, म्हणजे अनुराधा होते. बाबा तयार आहेत. मी नाही. मग जन्मभर दिराच्या शिंकेलाही घाबरायचं. तू कॉलेजात तारे शिकतोस ना? ही बया आहे तरी कोण, कळव.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी लीला

मुंबई,
१८ ऑक्टोबर

चि. लीलास अ. आ.

असल्या घरात जाऊच नको, हे माझं मत. आता तुझी बया. तिन्हीसांजेला समुद्राकडे तोंड करून उभी राहा. डावीकडे खाली तांबडा तारा दिसेल, तीच.

जुने लोक तारे उजेडावरून लावत. ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. त्यात फसगत होते, जवळची रॉकेलची चिमणी लांबच्या गॅसबत्तीपेक्षा मोठी वाटते. म्हणून आता अंतर धरून खरा उजेड काढतात, आणि रंगावरून ताप. लोहाराकडे लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं, तसंच. सगळ्यात तापलेले निळसर. वर्ग असे: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. क्रम वेड्यासारखा, कारण अक्षरं आधी वाटली, ताप नंतर कळला. रांग बदलली, नावं तीच राहिली. सूर्य जी मध्ये. ज्येष्ठा पार शेवटी, एम मध्ये, म्हणजे ताऱ्यांच्या मानाने थंड. ठळक दिसते ती निव्वळ अवाढव्य म्हणून. हे त्या घरात वाचून दाखव आणि तोंडं बघ.

बाबांना नमस्कार, तुला रागावूनही आशीर्वाद.
हरिश्चंद्र

तोंडवली,
६ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न.

तोंडं बघितली. मी नक्षत्र खरं सांगितलं, बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. लवूभावजी हसत सुटले. म्हणाले, मरतलंय तर मी, मगे माकाच कोणी कसा इचारूक नाय? त्यांची बायको नर्मदावहिनी तेवढी हसली नाही. मला विहिरीकडे नेलं आणि म्हणाली, तारो थंड आसा तर आसांदे गो, दर्या खंय थंड आसा? गलबताला उशीर झाला की ती किनाऱ्यावर उभी असते. उद्या मी शेजारी असेन, तेव्हा तिच्या मनात काय येईल ते तिला ठाऊक आहे. दादा, तिथे तुझं एकही अक्षर कामाला येईना. राग तरी कसा धरू?

मग तिनेच विचारलं, हा तारा आभाळातून कधी जातो की नाही. तेव्हा लग्न धरलं तर तिचं मन घेईल. ती नाही म्हणाली तर भावजीही पुढे होणार नाहीत. हसू नको. हिशेब करून लवकर कळव.

जीव टांगलेली,
लीला

मुंबई,
१३ नोव्हेंबर

चि. लीलास अ. आ.

हसलो. मग हिशेब केला. मार्गशीर्ष लागताना सूर्य ज्येष्ठेजवळ असतो. ती त्याच्याबरोबर उगवते, त्याच्याबरोबर मावळते, दिसत नाही. पण पुढे महिन्याभरात पहाटे पूर्वेला परत येते. हेही वहिनींना आधीच सांग, लपवू नको. मी रजा मागितली आहे. पोहे कमी तिखट कर.

लोभाचं काय लिहू, लग्नाला येतोच आहे.
हरिश्चंद्र

मालवण,
२१ जानेवारी १९५७

ती. दादास,
लीलाचा, आता सासरहून, शि. सा. न. वि. वि.

भावजींचं गलबत मंगळूरहून यायला उशीर झाला. पहाटे आम्ही दोघी जावा किनाऱ्यावर होतो. ज्येष्ठा पाठीमागे माडांवर आली होती. मला आधीच दिसली होती, मी समुद्राकडेच तोंड ठेवलं. वहिनीने मान वळवली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, झालं. तर म्हणाली, तुझी बाय परत इली गो, तिका पण थंडी वाजता दिसता. आणि अंगावरच्या चादरीचा अर्धा भाग माझ्या खांद्यावर टाकला. तेव्हा समुद्रावर एक शीडसुद्धा नव्हतं.

गलबत दुपारी लागलं. भावजी उतरल्या उतरल्या म्हणाले, मी अजून जित्तो आसंय, तुझ्या भावाक कळय. म्हणून कळवते.

इकडे तिघांचा लोभ तुझ्यावर आहे, चौथ्या मास्तरांचा पोह्यांवर.
तुझी लीला