जुईचं बारसं

ते आनाऊ, २४ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलवणार नाही, म्हणून लिहिते. आपल्या जुईच्या कानाच्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आला. ती निखळ वापिती जातीची हरिणी नाही, तांबड्या हरणाचा अंश निघाला. असं जनावर कळपात राहिलं की संकर वाढतो, म्हणून त्याला गोळी घालतात. गेली सहा वर्षं मीच अशा माद्या निवडून देते आणि स्वस्थ झोपते.

पण हिच्या गळ्यात माग काढायचा पट्टा बांधला तेव्हा तू हट्ट धरलास, की नाव ठेवण्याचा मान आत्याचाच. फोटोच्या कानात कुर्र केलंस! आमच्या कामात जनावरांना नावं देत नाहीत, नुसते क्रमांक. आमचे प्रमुख प्रकाश, त्यांना अजून सांगितलेलं नाही. लाज वाटते.

लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.
तुझी वल्लरी

अप्पर हट, ३ मार्च

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मी शिजवल्यात, मला शास्त्र शिकवू नकोस! एका हरिणीने एवढ्या रानाचं काय बिघडणार आहे? थांब जरा. इथला जून-जुलैचा हिवाळा जाऊ दे, मग बघ. तिचा फोटो माझ्या फ्रिजवर आहे. नात श्रिया येता-जाता त्याला ‘किया ओरा, जुई’ असा माओरी नमस्कार करते.

वेळेवर जेव. माया आहे तशीच आहे.
तुझी श्यामलाआत्या

ते आनाऊ, १९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हिवाळा गेला, तरी मी थांबलेच. परवा हेलिकॉप्टरमधून जुई दिसली, तिच्यामागे पाडस. उतरल्याबरोबर प्रकाशना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. आता दोघांना मारावं लागेल, इतकंच म्हणाले. काल मारलं.

अहवाल आला तेव्हा माजाचे दिवस यायचे होते. वेळीच तोंड उघडलं असतं तर एकटी जुई गेली असती. तुझ्यावर ढकलत नाही, गप्प मी बसले.

लोभ कमी करू नकोस.
वल्लरी

अप्पर हट, २७ जानेवारी

चि. वल्लरीस आशीर्वाद.

थांब म्हणणारी मी. त्यातला माझा वाटा तू एकटीने घेऊ नकोस. तुझं पत्र वाचून आधी मनात आलं, पाडसाला नाव नव्हतं ते बरं. मग त्याचीच फार लाज वाटली.

फोटो अजून फ्रिजवरच आहे. काल श्रियाने इंग्रजीत विचारलं, जुई कशी आहे. बरी आहे म्हणाले. नाव ठेवताना मान माझा होता, आता ती गेली हे सांगायचं कामही माझंच. रविवारी श्रिया येईल तेव्हा सांगते, पाडसाचंही सांगते.

तुझ्यावरची माया उणी होणार नाही.
आत्या