लॉगमधलं नाव

९ जून, सोम.
आमच्या लॅबच्या दोंडाईचा सेंटरवरून एका म्हाताऱ्याचा रिपोर्ट गेला, साखर ४८०. खरी ४८. कुणीतरी दुरुस्ती करताना शून्य जास्त दाबलं. म्हाताऱ्याला इन्सुलिन दिलं. आता धुळ्याला आयसीयूत.
मालक डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरचे लॉग नीट ठेवायची सोय कर. कुणी, कधी, काय बदललं ते कळलं पाहिजे. स्वतः बनवायची, विकत घ्यायची की पुण्याच्या कंपनीकडे सोपवायची, सोमवारपर्यंत सांग. आठ वर्षं मी हेच ओरडतोय. तेव्हा ढिम्म हलले नाहीत!

१० जून
पुणेवाला फोनवर नुसता गोड. चार प्रश्न विचारले तर त-त-प-प.
मग आठवलं. दिवाळीत जुन्या कॉम्प्युटरवर जुगाड केलं होतं, सगळ्या सेंटरचे लॉग तिथे येऊन पडतात. उघडलं. सापडली, त्या रिपोर्टची ११.१० ची दुरुस्ती! प्रिंट घेऊन डॉ.कडे पळालो. नाव धड वाचलंही नव्हतं. त्यांनीच वाचलं. सुनंदाअक्का, दोंडाईचा सेंटरच्या.

११ जून
अक्कांना फोन केला. "भाऊ, मी तठे नव्हतूच. सॅम्पल लेवाले गयथू." म्हणजे त्या वेळी त्या सॅम्पल घ्यायला बाहेर. वर, "तूच सांगेल व्हतं ना, येकदा उघाडं का बंद करानं नही?"
सांगितलं होतं. मशीन स्लो, पुन्हा लॉगिन करायला दहा मिनिटं, बाहेर पेशंटची रांग. अक्का सगळ्यांत आधी येतात, म्हणून दिवसभर सगळे त्यांच्याच नावावर. यावल, बोदवडच्या सेंटरलाही असंच, पहिला येईल त्याच्या नावावर. मी दोंडाईच्याला गेलो की मीसुद्धा अक्काच. मग घरचं करा, विकत आणा, पुण्याला द्या, लॉग सांगणार काय? कप्पाळ!

१३ जून
म्हातारा गेला. दुपारचा डबा तसाच घरी परत नेला.

१४ जून
डॉ.ना खरं सांगायला गेलो. तोंड उघडायच्या आत पाठीवर थाप. "तुझं घरचंच भारी निघालं. तेच ठेवू." आणि मी "हो सर" म्हणालो. लाज वाटते लिहायला.

१६ जून, सोम.
अक्कांना कामावरून काढायचं पत्र तयार. सोबत लॉगची प्रिंट, खाली 'नोंद तपासली, बरोबर आहे'. सही माझी हवी. नोंद बरोबरच आहे, एक अक्षर खोटं नाही.
अक्कांचा फोन दोनदा आला. उचलला नाही.
कागद समोर आहे. सहीच्या जागेखाली माझं नाव आधीच टाइप करून आलंय.