उसनी आजी

मांतोव्हाजवळून, ऑक्टोबरातला रविवार

तीर्थस्वरूप पाशा मावशीस,

तुझ्या हातावर ओठ टेकवून व्हिओरिकाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी घालायला लागल्या का? शेजारचा वासिले अजून आपलं कुंपण तुझ्या अंगणात सरकवतोय का, आणि तू अजून चर्चमधून येताना त्याला ऐकू जाईल अशा बेताने त्याचा उद्धार करतेस का? इकडे सगळं छान आहे. (हे वाक्य आधीच लिहून टाकते, नंतर राहून जाईल.) सँडूचा ट्रक सध्या जर्मनीत आहे आणि तो तिथून फोनवर आमची दोन्ही मुलं वाढवतो. "अगं, जरा शांतपणे घे," असं मला हायवेवरून सांगतो. त्याच्या केबिनमध्ये खरोखरच फार शांतता असते, मला इथवर ऐकू येते.

तू गावभर सांगतेस की आमची व्हिओरिका इटलीत डॉक्टर आहे. कुणाची ते सांगत नाहीस, बरं करतेस. इथले गोठेवालेही मला अजून डॉक्टर म्हणत नाहीत. मी गाडीतून उतरते, गमबूट चढवते, खांद्यापर्यंतचे हातमोजे घालते, आणि मालक माझ्या पाठीमागच्या रस्त्याकडे बघत विचारतो, "डॉक्टर मागून येतायत का, बाई?" मध्यंतरी गोब्बी म्हाताऱ्याच्या गोठ्यात गाय अडली. माझा हात आत, वासराचा एक पाय सापडलेला, दुसरा बेपत्ता, आणि खिशात फोन वाजला. गोब्बीनेच तो काढून कानाला लावला. मातेईच्या बालवाडीतल्या बाई होत्या, मुलाचं अंग कोमट लागतंय, आईला द्या म्हणत होत्या. गोब्बी म्हणाला, "बाई आत आहेत." "आत म्हणजे? मीटिंगमध्ये?" "नाही, गाईत." मग बाईंनी विचारलं, "बाहेर कधी येतील?" तेव्हापासून बालवाडीत मातेईशी सगळे फार मायेने वागतात, पोराची आई वारली असावी तसे.

अशा वेळी धावून येतात शेजारच्या ओर्नेल्लाबाई. नवरा गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. अडीअडचणीला मुलांना शाळेतून आणते म्हणाल्या होत्या, आणि माझ्या आयुष्यात तर अडीअडचणींशिवाय दुसरं काही नाहीच. त्या मुलांच्या मोज्यांनासुद्धा इस्त्री करतात आणि मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात "बिच्चारी पोरं" म्हणतात. त्यांना नावं ठेवायची सोय नाही, मावशी. चांगल्या माणसाचा राग करणं किती दमवणारं असतं ते तुला माहीत नाही. (तुझ्या शेजारी वासिले आहे. तू भाग्यवान.)

तर, शाळेत आजी-आजोबांचा दिवस आला. आमची थोरली, इलिंका, म्हणाली, प्रत्येकाने एक आजी किंवा आजोबा आणायचे आहेत. मी बोलोन्याला आईला फोन केला. दोन तासांचा सुद्धा रस्ता नाही. आई म्हणाली, "अगं, त्या दिवशी मी सांभाळते त्या म्हाताऱ्या सिन्योराला चाकाच्या खुर्चीतून तिच्या नातवाच्या शाळेत न्यायचंय. तिकडेही हाच कार्यक्रम आहे." म्हणजे माझी आई आजी-आजोबांच्या दिवसाला हजर होती, फक्त दुसऱ्याच्या. टाळ्याही वाजवल्या म्हणे. मग मी इलिंकाला म्हटलं, मीच येते. ती म्हणाली, "आईचा दिवस मे महिन्यात असतो. तेव्हा तू आली नव्हतीस."

मी जाणारच होते. फ्रॉक इस्त्री करून गाडीत टांगला होता. पण आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर स्वतः आजोबा म्हणून नातवाच्या शाळेत गेलेले, त्यामुळे प्रांतातली सगळी म्हातारी माणसं शाळांमध्ये आणि सगळ्या गाई माझ्याकडे. एका कालवडीचं पोट फाडून वासरू काढावं लागलं. जगलं. मी तशीच गमबुटात धावत शाळेच्या दारात पोचले, तर पहिल्या रांगेत ओर्नेल्लाबाई, केस सेट केलेले, आणि समोर इलिंका निबंध वाचतेय: माझी आजी भोपळ्याचं सारण भरून तोर्तेल्ली करते, माझी आजी नेहमी वेळेवर येते. टाळ्या पडल्या. तिच्या वर्गाच्या नव्या बाई नाकाला रुमाल लावून माझ्याकडे आल्या, "आपण कोण?" मी तोंड उघडायच्या आत इलिंकाने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्वच्छ इटालियनमध्ये सांगितलं, "या गाईंच्या डॉक्टर आहेत."

अख्ख्या प्रांतात मला डॉक्टर म्हणणारं पहिलं माणूस, मावशी, माझ्या पोटचं निघालं.

गाडीत मी विचारलं, मी तुझी आई आहे हे सांगायची लाज वाटली का? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू बोलायला लागली असतीस. तुझं इटालियन गोठ्यातलं आहे." घरी गेल्यावर तिने न सांगता माझे गमबूट नळीखाली धुतले. ती माफी होती की नुसती स्वच्छता, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही, कारण तेवढ्यात फोन आला.

बाकी क्षेम. सगळ्यांना नमस्कार सांग, वासिले सोडून.

तुझीच,
व्हिओरिका

ता. क. मोठे डॉक्टर निवृत्त होतायत आणि दवाखाना माझ्या हाती देतायत. "पण बाई, रात्रीबेरात्रीचे फोनही तुम्हालाच," असं म्हणेपर्यंत मी हो म्हणून बसले होते. त्याच आठवड्यात ओर्नेल्लाबाईंनी सांगितलं की नाताळनंतर त्या ऑस्ट्रेलियाला जाणार, मुलाला मुलगी झाली. त्यांना खरी नात मिळाली. आम्ही उसनी आजी परत केली.

ता. क. २. तेव्हा विचारायचं हे होतं, की मातेईला काही दिवस तुझ्याकडे ठेवशील का? खाण्याचे लाड नाहीत त्याचे. आपली भाषा येत नाही, पण तीन वर्षांचं पोर, शिकेल. तू त्याला फोनच्या पडद्यावरच माहीत आहेस, म्हणून तुला तो चौकोनी आजी म्हणतो. सँडूला अजून बोलले नाही. फक्त एका हिवाळ्यापुरतं.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी वरचं वाचलं. आई मला तुझ्या दारात सोडून इकडे आली तेव्हा तीही एका हिवाळ्यापुरतंच म्हणाली होती, आणि मी तुझ्याकडे अकरा वर्षं राहिले. तू तिला हो म्हणालीस. मला नाही म्हण, मावशी. चांगलं खरमरीत लिही, माझी लाज काढ, म्हणजे मला ते पत्र घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जाता येईल आणि दवाखाना नको म्हणता येईल. माझं मला नाही म्हणवत नाहीये, ना त्यांना, ना स्वतःला.