हीरक पंखाला सहा आठवडे कमी

९ जुलै, बुधवार

कल्पिताचा हीरक पंखाच्या परीक्षेचा अर्ज जिल्हा कार्यालयातून परत आला. लाल शाईत एक ओळ – ‘वयाच्या अटीत बसत नाही.’ सही वाचता येत नाही. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टरनी असली सही शंभरदा गिरवून घेतली असती.

निवृत्तीला अकरा वर्षं झाली, तरी दर शनिवारी शाळेत जाऊन या बुलबुल मुलींना, गाइडच्या आधीच्या छोट्या गटाला, शिकवते. कशाला, कोण जाणे.

१० जुलै

पुन्हा मांडून पाहिलं. कोमल, रजत, सुवर्ण आणि शेवटी हीरक – बुलबुलचे चार पंख, म्हणजे बिल्ले, सगळे वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत. सुवर्ण मिळाला की सहा महिने थांबायचं, मग हीरकची परीक्षा. कल्पिताला सुवर्ण मिळाला २९ मार्चला. म्हणजे परीक्षा सप्टेंबरअखेर. आणि १९ ऑगस्टला ती दहाची होते!

मग ती गाइड. नवा गणवेश, परत पहिल्या पायरीपासून. हीरक कायमचा गेला.

१२ जुलै, शनिवार

तिला सांगितलं. ‘म्हणजे मी नापास?’
‘नाही गं. मोठी झालीस.’
‘मग लवकर का नाही घेतली परीक्षा?’
मी म्हटलं, कार्यालयवाले झोपा काढतात.

१५ जुलै

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. गुडघे बोलतायत.

तिथले जयवंत चहा पीत होते. ‘मॅडम, दहा म्हणजे दहा. गाइडमध्ये पण बिल्ले आहेत ना.’
‘तिला हा हवाय.’
‘बाकी मुलींची सुवर्ण डिसेंबरला झाली. हिचीच मार्चमध्ये का?’
‘तिचा डिसेंबरचा कागद तुम्हीच हरवलात, म्हणून.’
‘पुरावा आणा मॅडम, आजच्या आज वर पाठवतो.’

आणते म्हटलं. मी रोज लिहून ठेवते. यांच्यासारखी नाही.

१९ जुलै, शनिवार

कल्पिताची आई कमळ आली होती. वर्सोव्याच्या बाजारात मासळी विकून, टोपली घेऊन थेट शाळेत.

‘बाई, ऱ्हाऊ द्या आता. तुमी तरी किती जिने चढाल?’
‘प्रश्न जिन्यांचा नाही.’
‘पोर रातची रडते. पण तुमच्यावर राग नाय तिचा. बाई भांडतात माझ्यासाठी, म्हणते.’

बोलत होतो तेवढ्यात मैदानावरची फाटलेली व्हॉलीबॉलची जाळी कल्पिताने हातात घेतली. गाठीमागून गाठ. बोटं दिसतच नव्हती. आईशेजारी बसून लहानपणापासून जाळी विणलीत तिने. पाच मिनिटांत जाळी टांगली, हात झटकून पाणी प्यायला गेली.

मी बघतच राहिले. मग उगीचच अस्वस्थ वाटायला लागलं.

२० जुलै

पुराव्यासाठी गेल्या वर्षीची वही काढली. १४ डिसेंबरचं पान सापडलं.

‘सुवर्णची परीक्षा. अकरा मुली पास. वर्सोव्याची कल्पिता – दोन दोर जोडायची गाठ घट्ट, पण जाळं विणल्यासारखी एका झटक्यात बांधते. पुस्तकातल्या पायऱ्या दाखवत नाही. नापास केलं. मार्चमध्ये ये म्हटलं. शिस्त लागेल.’

अक्षर माझं. सुवाच्य.